मराठी कानाला कन्नड: टिळकवाडीतल्या सहा आठवड्यांच्या वर्गाबद्दल

बेळगावात कन्नड बोलायला शिकवणाऱ्या वर्गांना गिऱ्हाईक कमी नाही. कोल्हापूर-पुण्याहून बदलून आलेले बँकवाले, खानापूर-निपाणीकडची मराठी माध्यमात शिकलेली पोरं, खडेबाजारात दुकानावर उभे राहणारे, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी असे सगळे एका बाकावर बसलेले दिसतात. टिळकवाडीतला हा वर्गही तसाच. सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी साडेसहा ते साडेसात, सहा आठवडे, म्हणजे एकूण ३० तास. फी २,४०० रुपये. त्यात एक पुस्तिका आणि व्हॉट्सॲपवर रोज एक ध्वनिफीत. नाव मुद्दाम देत नाही. पुढे जे दोष लिहिले आहेत ते बहुतेक अशा वर्गांत सापडतील, एकट्या या वर्गाच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

निकाल आधीच सांगतो. बोलायला चांगलं शिकवतात. ऐकायला शिकवत नाहीत. आणि समोर बसलेल्याची मराठी कुठली आहे, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत कुणी विचारत नाही.

पहिले दोन आठवडे पैसे वसूल करतात. बाई मराठी वाक्य फळ्यावर लिहितात आणि शब्दाखाली कन्नड शब्द मांडत जातात. ‘मला कन्नड येतं’ याच्या खाली ‘ननगे कन्नड बरुत्तदे’. मला, कन्नड, येतं, तिन्ही जागच्या जागी. भाषा ‘येते’ ही कल्पनासुद्धा तीच. ‘मला चहा पाहिजे’ म्हणजे ‘ननगे चहा बेकु’, ‘नको’ला ‘बेड’, ‘करू नको’ला ‘माडबेड’. ‘घरी जाऊन, जेवण करून येतो’ हे ‘मनेगे होगि, ऊट माडि बरुत्तेने’ असं एका दमात उतरतं. इंग्रजीतून कन्नड शिकणाऱ्याला या एका वाक्यासाठी आठवडा लागेल. मराठी माणूस पहिल्याच आठवड्यात असली वाक्यं करायला लागतो आणि घरी जाताना त्याची छाती फुगलेली असते.

हे साम्य आपोआप आलेलं नाही. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावात जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या भाषाभ्यासकांनी केलेला अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला. तिथली कन्नड, मराठी आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या एकाच गल्लीत नांदून व्याकरणात इतकी जवळ आली होती की, एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत नेता यावं. शब्द मात्र ज्याचे त्याचे राहिले. बेळगाव, चिकोडी, निपाणीची गोष्ट फार वेगळी नाही.

मग अडतं कुठं?

वर्गाच्या मते लिंगात. पुस्तिकेची तब्बल पाच पानं त्यावर खर्ची पडली आहेत, आणि ती सगळी वाया. कन्नडात माणूस पुरुष असेल तर पुल्लिंग, बाई असेल तर स्त्रीलिंग, बाकी सगळं नपुंसक. बस, भाकरी, गाय, पाऊस, सगळ्यांना एकच क्रियापद. हे सांगायला एक ओळ पुरते. ‘चहा झाला, भाकरी झाली, जेवण झालं’ अशी तीन-तीन रूपं जन्मभर सांभाळणाऱ्या माणसाला एका रूपावर येणं म्हणजे सुट्टीच. लिंगाचा खरा त्रास उलट दिशेला आहे. कन्नड माणूस मराठी शिकताना ‘भाकरी झाला’ म्हणतो, तेव्हा त्याच्या मदतीला फारसा भरवशाचा नियम येत नाही. ती पाच पानं मराठी शिकवणाऱ्या वर्गाच्या पुस्तिकेत घालावीत.

मराठी माणूस खरा घसरतो तो ‘-ला’वर. ‘रामाला पुस्तक दिलं’ आणि ‘रामाला बघितलं’, मराठीत दोन्हीकडं रामाला ‘ला’. कन्नडात पहिला ‘रामनिगे’ आणि दुसरा ‘रामनन्नु’. ‘रामनिगे पुस्तक कोट्टे’, पण ‘रामनन्नु नोडिदे’. वर्गातला जवळजवळ प्रत्येक जण ‘रामनिगे नोडिदे’ म्हणतो आणि बाई प्रत्येक वेळी दुरुस्त करतात. चूक का होते, हे मात्र सांगत नाहीत. देणं, सांगणं, जाणं, वाटणं, लागणं या सगळ्या ठिकाणी ‘-ला’ला ‘-गे’ चपखल बसतो: ‘बेळगावला’ म्हणजे ‘बेळगाविगे’, ‘मला’ म्हणजे ‘ननगे’. चार दुकानी चाललेलं नाणं पाचव्या दुकानी खोटं निघतं, आणि ते खोटं आहे हे हाताला कळत नाही.

बोलण्यातली ही चूक तशी निरुपद्रवी. समोरचा हसेल आणि समजून घेईल. नुकसान होतं ऐकताना. कन्नड माणसानं ‘रामनिगे’ एवढं ऐकलं की, पुढं देणं, सांगणं, दाखवणं यातलं काहीतरी येणार हे त्याला क्रियापदाच्या आधीच कळलेलं असतं. ‘रामनन्नु’ म्हटलं की, बघणं किंवा बोलावणं. क्रियापद वाक्याच्या शेवटी असलेल्या भाषेत हा अंदाज फार मोलाचा, कारण त्याच्या जोरावरच माणूस मधले चार शब्द डोक्यात धरून ठेवतो. मराठी कान ‘-ला’वर वाढलेला. त्याला या जागी अंदाज करायची सवयच नाही, तो शेवटपर्यंत दोन्ही दारं उघडी ठेवतो. छोट्या वाक्यात हे खपून जातं. तहसील कचेरीतल्या कारकुनाच्या लांबलचक वाक्यात, मध्ये अर्ज, दाखला आणि दोन तारखा आल्या की, सुरुवातीचा माणूस कोण होता हेच हरवतं. मग शिकणारा म्हणतो, ‘ते फार भरभर बोलतात.’ भरभर कुणी बोलत नसतं.

एलिझाबेथ बेट्स आणि ब्रायन मॅकव्हिनी या भाषेचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात याच प्रकाराची मांडणी केली. वाक्यात कर्ता कोण हे ठरवायला इंग्रजी माणूस शब्दांच्या क्रमावर भिस्त ठेवतो, इटालियन माणूस क्रियापदाच्या प्रत्ययाकडं बघतो. दुसरी भाषा शिकायला घेतली की, प्रत्येक जण आपली जुनी भिस्त सोबत नेतो आणि ती नव्या भाषेत चालते की नाही हे बऱ्याच उशिरा ओळखतो. मराठी आणि कन्नड दोन्हींत शब्दांचा क्रम हलवता येतो, त्यामुळं क्रमाचा उपयोग थोडाच. काम करतात ते प्रत्यय. आणि वर्गातले संवाद असे लिहिले आहेत की, प्रत्ययाकडं बघायची गरजच पडू नये. ‘नानु चहा कुडिदे’ या वाक्यात कोण कुणाला प्यालं हे कुणालाही कळेल. त्याऐवजी ‘श्यामनन्नु राम करेद’ हे वाक्य ऐकवावं. श्यामला रामानं बोलावलं. दोन्ही पुरुष, आणि पहिलं नाव श्यामचं. इथं ‘-अन्नु’ सुटला की अर्थ उलटा. असलं एकही वाक्य ध्वनिफितींत नाही. हॅराल्ड क्लासेन आणि क्लॉडिया फेल्सर या भाषाभ्यासकांनी २००६ साली मांडलं होतं की, मोठेपणी भाषा शिकणारा वाक्याच्या बारीक बांधणीपेक्षा शब्दांच्या अर्थावर आणि प्रसंगावर जास्त विसंबतो. त्या मताला विरोधही पुष्कळ झाला. पण या वर्गाची पुस्तिका त्या विसंबून राहण्याला रोज खतपाणी घालते, एवढं खरं.

आता सीमाभागाच्या मराठीकडं. पुस्तिकेतली मराठी सगळी छापील, पुण्याच्या वळणाची. ‘तिने भाकरी आणली’, ‘मी काम केले’. बेळगावात घरात कुणी असं बोलत नाही. इथं ‘मी काम केलो’, ‘तो भाकरी खाल्ला’, ‘बाबा सांगितले’. वर्गात कुणी ‘मी केलो’ म्हटलं की, बाई आधी त्याची मराठी दुरुस्त करतात आणि मग कन्नडाकडं वळतात. हातातलं हत्यार काढून घेऊन लढायला पाठवण्यातला हा प्रकार.

कारण असं. प्रमाण मराठीत भूतकाळी सकर्मक क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागं जातं: सीतेने आंबा खाल्ला, रामाने भाकरी खाल्ली. त्या मराठीत वाढलेला कान क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरात खाल्लेली वस्तू शोधतो. कन्नडात ते शेवटचं अक्षर नेहमी करणाऱ्याचं असतं. ‘तंदे’ मी आणलं, ‘तंद’ त्यानं, ‘तंदळु’ तिनं, ‘तंदरु’ त्यांनी. (‘तंदे’चा दुसरा अर्थ वडील. पहिल्या आठवड्यात यावर वर्गात एकदा तरी हशा होतोच.) बोलताना कन्नड माणूस कर्ता सर्रास गाळतो. ‘निन्ने होगि तंदळु’, काल जाऊन आणलं. कुणी? ते फक्त त्या ‘ळु’मध्ये आहे. कोल्हापूर-पुण्याहून आलेल्या माणसाला मराठीत ‘काल जाऊन आणलं’ हे वाक्य कर्त्याविना ऐकायची सवय असते, म्हणून तो ‘ळु’ सोडून देतो आणि नंतर ‘कोण गेलं होतं?’ म्हणून विचारतो. ‘मी आणलो, ती आणली’ म्हणणाऱ्या बेळगावकराच्या तोंडात मात्र हाच नियम आधीपासून मुरलेला आहे. त्याला एवढंच सांगायचं: तुझी घरची मराठी जशी चालते तशीच ही भाषा चालते. पाच मिनिटांचं काम. पण वर्गात दोघांनाही एकाच मापानं मोजतात. पुणेकराला हवा तो सराव मिळत नाही आणि बेळगावकराला आपली बोली चुकीची वाटायला लागते.

हीच गोष्ट नकाराची. कन्नडात ‘इल्ल’ आणि ‘अल्ल’ वेगळे. घरात कुणी नाही, ‘मनेयल्लि यारू इल्ल’. हे माझं घर नाही, ‘इदु नन्न मने अल्ल’. पुस्तिका यासाठी अस्तित्व, तादात्म्य असले जड शब्द वापरून अर्धं पान भरते. मराठीत ‘नव्हे’ आहे की! जिथं ‘नव्हे’ बसतं तिथं ‘अल्ल’. इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात ‘न्हवं’ अजून जिवंत आहे, त्यामुळं हे सूत्र खेड्यातल्या मुलाला शहरातल्या मुलापेक्षा लवकर पटतं. याच वाक्यात दुसरा एक खड्डा आहे आणि तो पुस्तिकेत नाही. ‘हे माझं घर आहे’ याचं कन्नड ‘इदु नन्न मने’, बस्स. ‘आहे’ची जागा रिकामी. मराठी माणसाला ती रिकामी जागा टोचते आणि तो शेवटी ‘इदे’ जोडतो. ऐकताना तो त्या ‘इदे’ची वाट बघत थांबतो आणि तेवढ्यात पुढचं वाक्य सुरू झालेलं असतं.

शिवाय नकारात कन्नड क्रियापद माणूस बघत नाही. नानु बरलिल्ल, अवळु बरलिल्ल, अवरु बरलिल्ल: मी, ती, ते, सगळ्यांना एकच रूप. ‘आलो नाही, आली नाही, आले नाहीत’ला सरावलेला मराठी माणूस ‘अवरु बंदरु इल्ल’ असं घडवतो. बाईंनी ही चूक बरोबर हेरली आहे. तिसऱ्या आठवड्यातला त्यांचा सराव उत्तम: होकारी वाक्य ओरडून सांगतात आणि वर्गानं एका सुरात नकारी करायचं. ३० तासांतले हे सर्वांत कामाचे दोन तास.

‘बंद’ हा शब्द मात्र वर्गानं झाकून ठेवला आहे. पुस्तिकेत ‘तो आला’ म्हणजे ‘अवनु बंदनु’. रस्त्यावर ‘नु’ गळतो आणि ‘अवनु बंद’ उरतं. आणि ‘आलेला’ म्हणजेही ‘बंद’. ‘निन्ने बंद हुडुग नम्म पक्कद मनेयवनु’, काल आलेला मुलगा आमच्या शेजारच्या घरातला. मराठी कान ‘निन्ने बंद’ ऐकतो, काल आला असं समजून वाक्य मिटवतो, आणि मग ‘हुडुग’ कुठून टपकला म्हणून गोंधळतो. मराठीत ‘आला’ आणि ‘आलेला’ वेगळे आहेत, त्यातही आलेला, आलेली, आलेलं म्हणताच पुढं काय येतंय याची चाहूल लागते. कन्नड ‘बंद’ अशी कुठलीच खूण देत नाही. मुलगा असो, मुलगी असो, पत्र असो, ‘बंद’ तो ‘बंद’च. ‘माडिद’, ‘हेळिद’, ‘होद’ सगळे याच जातीचे. सोडवायला एक ओळखीची किल्ली आहे. मराठीत ‘गेला आठवडा’ म्हणतो तेव्हा ‘गेला’वर वाक्य कुणी संपवत नाही. कन्नडात तेच ‘होद वार’. इथून सुरुवात करून ‘होद वार बंद पत्र’ असं वाढवत न्यावं. शिवाय आवाजाकडं लक्ष हवं: वाक्य संपवणाऱ्या ‘बंद’वर सूर खाली बसतो आणि किंचित थांबा येतो, नामाला चिकटलेला ‘बंद’ न थांबता पुढं सरकतो. ध्वनिफितींत शब्द एकेक सुटा, शाळेतल्या श्रुतलेखनासारखा वाचल्यामुळं हा फरक ऐकूच येत नाही. (दुकानाच्या दारावरचा ‘बंद’ तिसराच. तो दोन्ही भाषांत सारखा.)

‘अंत’चं शिकवणं बरं आहे, पण त्यातही आयती संधी दवडली आहे. ‘नाळे नीरु बरोदिल्ल अंत हेळिदरु’, उद्या पाणी येणार नाही असं त्यांनी सांगितलं. प्रमाण मराठीत ‘ते म्हणाले की’ अशी आधीच सूचना मिळते, कन्नडात शेवटच्या ‘अंत’पर्यंत हे कुणाचं तरी सांगणं आहे हे कळत नाही. निम्मा वर्ग ‘उद्या पाणी येणार नाही’ हे बाईंचं स्वतःचं विधान समजतो. बेळगावची मराठी म्हणते, ‘उद्या पाणी येणार नाही म्हणून सांगितले.’ ‘म्हणून’च्या जागी ‘अंत’, काम झालं. पुस्तिकेनं ‘की’चं वाक्य दिलं आहे.

आणखी एक गाऱ्हाणं, थोडक्यात. शिकवतात ती कन्नड पुस्तकी. बाईंची स्वतःची बोली धारवाड वळणाची. तास संपल्यावर त्या फोनवर ‘ऐति’ आणि ‘माडाकत्तीनि’ बोलतात, फळ्यावर ‘इदे’ आणि ‘माडुत्तिद्देने’ लिहितात. बसमध्ये आणि बाजारात कानावर पडतं ते पहिलं. ‘माडाकत्तीनि’मधला ‘हत्तु’ म्हणजे आपलं ‘लागणं’. ‘करायला लागलोय’ म्हणणाऱ्याला हे रूप पुस्तकी रूपापेक्षा सोपं जातं. दोन्ही शेजारी लिहायला खडूची एक ओळ लागेल. आणि पुस्तिका देवनागरीत छापताना ऱ्हस्व-दीर्घ ‘ए’ आणि ‘ओ’ एकसारखेच छापले आहेत. ‘कोडु’ ऱ्हस्व असेल तर दे, दीर्घ असेल तर शिंग. निदान दीर्घाच्या डोक्यावर एक आडवी रेघ तरी मारायची.

वर्गाला जायचंच असेल (लिहायला-वाचायला नको, बोलायला हवं असेल तर जायला हरकत नाही), तर ऐकण्याची बाजू घरी सांभाळावी लागेल. घरी कन्नड बोलणारं कुणी ओळखीचं गाठावं आणि त्यांच्या आवाजात २० वाक्यं फोनवर घ्यावीत, त्यांच्या नेहमीच्या वेगानं. दहा वाक्यांत ‘-गे’, दहांत ‘-अन्नु’, आणि प्रत्येकात दोन माणसांची नावं. वाक्य लावून प्रत्ययावर थांबवायचं. अर्थ लावायचा नाही, भाषांतर तर अजिबात नाही. फक्त बोट दाखवायचं: देणं-सांगणं येणार असेल तर एक, बघणं-बोलावणं येणार असेल तर दोन. मग पुढचं ऐकून ताळा बघायचा. रोज दहा मिनिटं, त्यापेक्षा जास्त केलं तर कान थकतो आणि अंदाज आंधळेपणानं यायला लागतात. बोटं चुकायची थांबली की ‘बंद’ची वाक्यं घ्यावीत, तिथं दोनच पर्याय: संपलं किंवा चालू. नकार शेवटी ठेवावा, वर्गात त्याची तयारी झालेली असते. वाक्यं लिहून काढू नयेत. कागद समोर आला की डोळा पुढं पळतो आणि कान आळशी होतो.

पुण्या-कोल्हापूरकडून आलेल्यांनी ‘तंदे, तंद, तंदळु, तंदरु’ची वेगळी २० वाक्यं करून घ्यावीत, सगळी कर्ता गाळलेली. बेळगाव-खानापूरच्या लोकांना त्याची गरज नाही. त्यांनी फी भरण्याआधी एवढंच विचारावं की, ‘मी केलो’ म्हटलेलं चालेल ना? पुढची तुकडी पहिल्या सोमवारी बसते. चाचणी म्हणून पहिले दोन दिवस फुकट बसू देतात, पण ते दोन्ही दिवस मुळाक्षरांत जातात. बुधवारी जाऊन बघावं.